खिळे गेले तेव्हा खिळे जुळवणाऱ्यांचे काय झाले

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: आजवरच्या मोठ्या तांत्रिक शोधांनी समाजात आणि कामगारवर्गात नेमका कोणता बदल घडवला, जुनी कामे बंद पडली तेव्हा ती करणारी माणसे कुठे गेली, आणि आता संगणकच मजकूर लिहू लागला असताना डीटीपीसारख्या (संगणकावर मजकूर व पाने जुळवून छपाईला तयार करण्याच्या) कामात असलेल्या तरुणाने त्यातून काय घ्यावे. या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे मिळतात. यंत्राने जेवढी कामे हिरावली त्याहून जास्त निर्माण केली, म्हणून घाबरू नये, असे काही जण सांगतात. यंत्र आले की माणूस रस्त्यावर येतो, असे इतर सांगतात. दोन्हींच्या बाजूने दाखले देता येतात. मात्र ज्याचे काम गेले आणि ज्याला नवे काम मिळाले ती माणसे बहुधा वेगळी होती, वेगळ्या वयाची, वेगळ्या गावची, पुष्कळदा वेगळ्या समाजातली, हे दोन्ही उत्तरांत राहून जाते.

माझे आयुष्य छापखान्यात गेले. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढे फोटोटाइपसेटिंग (अक्षरे प्रकाशाने फोटोच्या कागदावर उमटवण्याची पद्धत) पाहिले आणि नंतर डीटीपीचे काम स्वतः चालवले व शिकवले. त्यामुळे वाफेचे इंजिन, यंत्रमाग किंवा रेल्वे यांच्याबद्दल त्या क्षेत्रांतल्यांनी सांगावे. मी मुद्रणाबद्दल सांगतो. हा धंदा उदाहरण म्हणून सोयीचा आहे, कारण त्याचे तंत्र अनेकदा मुळापासून बदलले आणि प्रत्येक वेळी कोणाचे काय झाले याची नोंद, धंदाच छापण्याचा असल्यामुळे, बऱ्यापैकी शिल्लक राहिली.

पहिली गोष्ट ही की यंत्र आले म्हणजे समाज बदलला असे होत नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात उभा राहिला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ओव्या मराठी होत्या, लिपी रोमन होती, कारण देवनागरी खिळे कोणी पाडलेले नव्हते. १६७० च्या दशकात भीमजी पारेख या व्यापाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीमार्फत इंग्लंडहून छापण्याचे साहित्य आणि एक मुद्रक मागवला. मुद्रक आला, पण त्याला छापता येत होते, खिळे घडवता येत नव्हते, आणि प्रयत्न तिथेच अडकला. म्हणजे यंत्र आपल्या किनाऱ्यावर येऊन अडीचशे वर्षे होत आली तरी मराठी समाजाचे लिहिणे-वाचणे पोथ्यांवर आणि मोडी दप्तरांवरच चालू होते. खिळा कोरणारा कारागीर, स्वस्त कागद आणि छापील वस्तू विकत घेणारा माणूस, हे तिन्ही जमेपर्यंत यंत्राचा उपयोग शून्य. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने तयार केलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले, तेही महाराष्ट्रात नव्हे, बंगालमधल्या श्रीरामपुरास.

मुंबईत हे तिन्ही धागे जुळले ते एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पहिले छापील मराठी पंचांग काढले. ते शिळाप्रेसवर निघाले, आणि हे तपशिलात पाहण्यासारखे आहे. तोपर्यंत पंचांगाच्या प्रती हाताने लिहून दिल्या जात. त्यावर काहींचा चरितार्थ चाले. छपाई आल्यावर हे लेखनिक एका रात्रीत बेकार झाले असतील असे वाटते, पण शिळाप्रेसला सुंदर हस्ताक्षराचीच गरज असते. १७९६ मध्ये आलोइस झेनेफेल्डर याने शोधलेल्या या पद्धतीत तेलकट शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवतात. दगड ओला केला की लिहिलेल्या भागावरच शाई धरते आणि त्याच्या शेकडो प्रती निघतात. ज्याचे अक्षर वळणदार त्याला छापखान्यात मागणी होती. त्या काळातल्या शिळाप्रेसच्या पोथ्या हातात घेऊन पाहिल्या तर त्या हस्तलिखितासारख्या दिसतात. लिहिणारा हात तोच, फक्त प्रती वाढल्या. मधल्या या तंत्राने लेखनिकांना एका पिढीची सवड दिली. पुढे ओतीव खिळे चांगले निघू लागले तसे तेही काम ओसरले, पण तोवर मुले वेगळ्या मार्गाला लागलेली होती. पुढच्या प्रत्येक बदलात अशी सवड मिळाली की नाही, हेच मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

नवे काम ज्यांना मिळाले ते कोण होते? जावजी दादाजी चौधरी गरीब घरातले, शालेय शिक्षण जेमतेम, लहान वयात मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथे थॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली टाइप, म्हणजे खिळे, घडवण्याची विद्या शिकले, राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कुशल कारागिराची साथ मिळाली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना निघाला. निर्णयसागरचा देवनागरी टाइप आणि तिथली संस्कृत ग्रंथांची शुद्ध छपाई देशभर नावाजली गेली. जे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घरांबाहेर पडत नव्हते, त्यांचे खिळे जुळवणारे, फर्मे (एकत्र छापायच्या पानांचे संच) आवळणारे, शाई लावणारे हात आता कोणत्याही समाजातले होते. याला विरोध झालाच. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथी सोवळ्यात चालणार नाही असा आक्षेप होता, आणि गणपत कृष्णाजींनी त्यावर उपाय म्हणून तुपाची शाई वापरली असे सांगतात. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी दीनबंधु हे वर्तमानपत्र सुरू केले आणि १८८० पासून ते गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवले. गिरणी नावाच्या एका यंत्राने जो कामगारवर्ग जन्माला घातला, त्याला आपली तक्रार मांडण्याची जागा छापखाना नावाच्या दुसऱ्या यंत्राने दिली. तंत्रांचे परिणाम असे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून एकाच शोधाचा जमाखर्च वेगळा काढून दाखवणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. खिळ्यांच्या कंपोझिंगमध्ये कोणकोणती कामे होती हे ठाऊक नसेल, तर पुढे नेमके काय गेले ते कळणार नाही. कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, दिवसभर उभा असे. समोर आणि बाजूला केसी, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेट्या, मांडलेल्या. इंग्रजीला दोन केसींवर भागे, देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांचे प्रकार काही शेकड्यांत जात, म्हणून केसीही जास्त लागत. डाव्या हातात स्टिक (ओळ जुळवण्याची छोटी धातूची पट्टी), उजव्या हाताने खिळा उचलायचा, तो बोटांनीच सरळ फिरवून बसवायचा. ओळ डावीकडून उजवीकडे लागे, पण अक्षरे डोके खाली करून, आणि छापल्यावर सुलट दिसतील अशी उलटी. त्यामुळे कंपोझिटर मजकूर उलटा वाचे, तोही आपण सुलटा वाचतो त्याच वेगाने. ओळ भरत आली की शब्दांमध्ये स्पेस कमीजास्त करून ती घट्ट करायची, कारण ढिल्या ओळीतला खिळा छापताना वर येतो. ओळी गॅलीवर (लांबट तबकावर) घ्यायच्या, पान दोऱ्याने बांधायचे, प्रूफ काढायचे, चुका चिमट्याने काढून दुरुस्त करायच्या, मग आठ किंवा सोळा पानांचा फर्मा चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, आवळून मशीनवर द्यायचा.

छापून झाल्यावर तो फर्मा धुऊन सोडवावा लागे, म्हणजे प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या घरात टाकावा लागे. छापखान्याकडे दोन-तीन फर्म्यांपुरतेच खिळे असत. त्यामुळे पुस्तक एकदम कंपोझ होत नसे. पहिला फर्मा छापून मोकळा झाला की त्याच खिळ्यांतून पुढचा लागे. लेखकाने प्रूफ अडवून धरले की सगळा छापखाना अडे. दुसरी आवृत्ती काढायची तर पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात. मोठ्या प्रमाणावर बदल करणाऱ्या लेखकाकडे कंपोझिटर ज्या नजरेने पाहत ती मी विसरलेलो नाही. खिळे सोडण्याचे काम नव्या मुलाकडे असे. कंटाळवाणे, हात काळे करणारे, शिशाच्या भुकटीतले काम. पण ते करता करताच केस पाठ होई, आणि केस पाठ झाली की मुलगा स्टिक धरायला मोकळा. पुण्यात अनाथ विद्यार्थी गृहासारख्या संस्थेने गरीब मुलांना शिक्षणाबरोबर छापखान्याचे काम दिले, तेही याच वाटेने.

यंत्रांनी या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या वेगवेगळ्या वेळी घेतल्या. २९ नोव्हेंबर १८१४ रोजी लंडनचा टाइम्स प्रथमच वाफेच्या यंत्रावर छापला गेला. फ्रीडरिश कोनिग याच्या या यंत्रावर तासाला सुमारे १,१०० कागद निघत. हातदाबाच्या मशीनवर दोन-अडीचशे निघाले तरी पुष्कळ. इंग्लंडात तेव्हा यंत्रे फोडणाऱ्या कामगारांचे दिवस होते, म्हणून मालक जॉन वॉल्टर यांनी यंत्र गुप्तपणे बसवले होते. अंक छापून झाल्यावर ते कामगारांसमोर आले आणि म्हणाले की दंगा केलात तर बंदोबस्त तयार आहे. शांत राहिलात तर दुसरीकडे तसेच काम मिळेपर्यंत प्रत्येकाचा पगार चालू राहील. दंगा झाला नाही. धमकी आणि हमी एकाच भाषणात देणारा हा मालक फार उदार होता असे मला म्हणायचे नाही, पण यंत्राच्या बचतीतला काही वाटा ज्यांचे काम गेले त्यांच्यासाठी बाजूला ठेवला गेला, हे खरे आहे.

कंपोझिटरांना त्या यंत्राचा फायदाच झाला. छपाई वेगवान झाल्याने वर्तमानपत्रे वाढली, पाने वाढली, आणि मजकूर मात्र हातानेच जुळवायचा असल्यामुळे १८१४ नंतर सुमारे सत्तर वर्षे खिळे जुळवणाऱ्यांची मागणी वाढत राहिली. धंद्यातली एक कडी वेगवान झाली की पुढच्या कडीवरचे काम वाढते, आणि त्या कडीवरची माणसे समजतात की आपल्याला यंत्राची भीती नाही. जुलै १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रिब्यूनमध्ये ओटमार मर्गेनथालर याचे लायनोटाइप यंत्र लागले आणि ती समजूत संपली. कळ दाबली की अक्षराचा साचा खाली येतो, ओळ भरली की शिसे ओतून अख्खी ओळ एकसंध निघते, आणि छापून झाल्यावर ती पुन्हा वितळवतात. खिळे सोडण्याचे कामच उरले नाही, म्हणजे नवशिक्याचा धंद्यात शिरण्याचा दरवाजाही गेला. तिथल्या कंपोझिटरांच्या संघटनेने यंत्राला विरोध केला नाही. यंत्र चालवेल तो आमचाच सभासद, आमच्याच दराने आणि कमी तासांत, एवढी अट घातली आणि ती बऱ्याच ठिकाणी मान्य करून घेतली. वर्तमानपत्रे स्वस्त आणि जाड झाली, काम वाढले, आणि हाताने कंपोझ करणारे अनेक जण त्याच छापखान्यात कळफलकावर बसले.

मराठी छापखान्यांत हे झाले नाही, आणि त्याचे कारण लिपी. लायनोटाइपच्या कळफलकावर ९० कळा असतात. शेकडो प्रकारचे खिळे त्यात कसे बसवायचे? हरी गोविंद गोविल यांनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लायनोटाइपसाठी देवनागरी बसवली, आपल्याकडे टाइपसुधारणेचे प्रयत्न टिळकांच्या काळापासून होत राहिले, मोठ्या वर्तमानपत्रांनी आणि काही मोठ्या छापखान्यांनी लायनो-मोनो (मोनोटाइप हे सुटे खिळे ओतणारे यंत्र) यंत्रे घेतली. परंतु मराठी पुस्तके छापणाऱ्या लहान आणि मध्यम छापखान्यांत हातकंपोझ १९८० च्या दशकापर्यंत सर्रास चालू होते. जोडाक्षरांनी मराठी कंपोझिटरला अनेक दशके संरक्षण दिले असे म्हणता येईल. पण या संरक्षणाची किंमत पुढे मोजावी लागली. इंग्रजी कंपोझिटर खिळ्यांवरून लायनोवर, लायनोवरून फोटोटाइपसेटिंगवर असा टप्प्याटप्प्याने गेला. आमच्या लहान छापखान्यांतला माणूस बहुधा स्टिक खाली ठेवून थेट संगणकासमोर येऊन पडला, आणि हे सगळे जेमतेम दहा वर्षांत झाले.

मधल्या काळात पाश्चात्त्य देशांत जे घडले ते दोन शहरांत फार वेगळे घडले. न्यूयॉर्कमध्ये १९६२-६३ साली स्वयंचलित कंपोझिंगच्या प्रश्नासह अनेक मागण्यांवर बर्ट्रम पॉवर्स यांच्या नेतृत्वाखाली ११४ दिवसांचा संप झाला. त्यात सगळ्यांचेच नुकसान झाले आणि काही वर्तमानपत्रे पुढे बंद पडली. शेवटी १९७४ मध्ये तिथल्या दोन मोठ्या दैनिकांनी संघटनेशी करार केला की मालकाला हवी ती यंत्रे आणता येतील, आणि त्या वेळी कामावर असलेल्या कंपोझिटरांना निवृत्तीपर्यंत नोकरीची हमी राहील. न्यूयॉर्क टाइम्सचा शिशाच्या ओळींवर छापलेला शेवटचा अंक २ जुलै १९७८ चा. माणसांना नवे काम शिकवले गेले आणि त्यांची संख्या निवृत्तीने हळूहळू कमी झाली. लंडनमध्ये १९८६ च्या जानेवारीत एका वृत्तपत्रसमूहाने वॉपिंग येथे नवा संगणकीय छापखाना तयार ठेवला, संपावर गेलेल्या सुमारे ५,५०० कामगारांना काढून टाकले, आणि वर्षभर रस्त्यावर झुंज होऊनही ती माणसे परत आत गेली नाहीत. तंत्र जवळपास तेच, काळ जवळचाच. कामगाराच्या वाट्याला काय आले ते आधी कोणता करार झाला, किंवा झालाच नाही, यावरून ठरले.

आमच्याकडे करार नव्हता. पाच-सात माणसांच्या छापखान्यात संघटना कसली? मोठ्या दैनिकांतल्या कंपोझिटरांना वेतन मंडळाचे संरक्षण होते, पालेकर निवाडा आणि नंतर बछावत आयोग यांच्या शिफारशी बिगरपत्रकार कर्मचाऱ्यांनाही लागू होत्या; त्यामुळे तिथे अनेकांना संगणक शिकवून, नाहीतर दुसऱ्या खात्यात घेऊन सांभाळले गेले. पुस्तकांच्या आणि फुटकळ कामांच्या छापखान्यांत तसे काही नव्हते. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई होती, पण ज्याचे नाव मस्टरवरच नाही त्याने ती मागायची कोणाकडे?

अमेरिकेत १९८५ मध्ये ॲपलचा लेझर प्रिंटर आणि पाने लावण्याचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर बाजारात आले. पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था स्थापन झाली आणि आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले जिस्ट हे भारतीय लिप्या संगणकावर आणणारे तंत्र तिथे वाढले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी देवनागरी सॉफ्टवेअरची नावे छापखान्यांत रूढ झाली. यानंतर जे घडले ते मी जवळून पाहिले. तिशीच्या आतले कंपोझिटर बहुतेक सगळे तरले. त्यांनी कळफलक शिकून घेतला. पन्नाशीच्या पुढच्यांनी उरलेले दिवस ट्रेडलवर, म्हणजे छोट्या छपाईयंत्रावर, पावतीपुस्तके आणि लग्नपत्रिका छापून काढले. सर्वांत वाईट अवस्था चाळिशीतल्यांची झाली. त्यांच्या बोटांना केसीतली घरे पाठ होती आणि कळफलकावर अक्षर शोधताना ती बोटे अडखळत. टायपिंग इन्स्टिट्यूटमधून परीक्षा देऊन आलेली विशीतली मुलगी त्यांच्या कितीतरी पट वेगाने मजकूर ओढत, म्हणजे टाइप करत, असे. मालकाच्या दृष्टीने हिशेब सरळ होता.

पण पान हातात घेतले की दुसरे चित्र दिसे. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा, पानाच्या डोक्यावर परिच्छेदाची एकच तुटकी ओळ येऊ द्यायची नाही, संवादाची अवतरणे कुठे संपतात, ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकले आहे, हे त्या चाळिशीतल्या माणसाला सांगावे लागत नसे. मुलीला ते कोणी शिकवलेलेच नव्हते. तिच्या परीक्षेत शब्द मोजले जात. ज्या छापखान्यांनी या दोघांना एका टेबलाशी बसवले, तिने ओढायचे आणि त्याने पान लावायचे व वाचायचे असे काम वाटून दिले, त्यांची पुस्तके त्या काळातही नीट निघाली. असे छापखाने थोडे होते. बहुतेकांनी एका पगारात एक माणूस एवढेच पाहिले.

कंपोझिटरांबरोबर आणखी कोण गेले याची चर्चा फारशी होत नाही. खिळे ओतणाऱ्या टाइप फाउंड्री बंद पडल्या. चित्रांचे जस्ताचे ब्लॉक करणारे ब्लॉकमेकर गेले. केसी आणि गॅल्या बनवणारे सुतार गेले. मालकांनी पिढ्यांपासून जमवलेले खिळे शिशाच्या भावाने मोडीत घातले, म्हणजे कामगाराचे कसब आणि मालकाचे भांडवल एकाच वेळी निकाली निघाले. लहान मालक हा या बदलाचा लाभार्थी होता असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. शिवाय काही कामे मधल्या काळात जन्मली आणि मधल्या काळातच संपली. फोटोटाइपसेटिंगच्या ब्रोमाइडवरून (फोटोच्या कागदावरून) ओळी ब्लेडने कापून पान चिकटवणारा पेस्टर दहा-पंधरा वर्षे छापखान्यातला मानाचा माणूस होता. तुटलेली वेलांटी दुसऱ्या तुकड्यातून कापून बरोबर जागी बसवणे ही त्याची कला. संगणकावर पान लागू लागले आणि ही कलाही गेली. तिच्यावर घर उभे करायला निघालेल्यांची फसगत झाली, कारण तेच भविष्य आहे असे त्यांना सांगितले गेले होते.

नवे काम वाढले का? निश्चित वाढले. छपाई स्वस्त झाली, पुस्तकांच्या लहान आवृत्त्या परवडू लागल्या, तालुक्याच्या गावातून साप्ताहिके आणि दिवाळी अंक निघू लागले, पूर्वी सायक्लोस्टाइल करून वाटली जाणारी चोपडी नीट छापून येऊ लागली. डीटीपीमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या, आणि हा बदल मी फार मोलाचा मानतो. शिशाच्या छापखान्यात स्त्रिया दिसत त्या बहुधा बाइंडिंगच्या खोलीत फर्म्यांच्या घड्या घालताना. मात्र हे काम घरी बसून, पानाच्या दराने, स्वतःच्या संगणकावर होऊ लागले. पूर्वी खिळे मालकाचे असत आणि वीज मालकाची. आता यंत्राचा हप्ता, विजेचे बिल आणि सॉफ्टवेअरचा खर्च काम करणारीच्या अंगावर आला. पानाचा दर किती वर्षे तिथेच राहिला आहे, हे या धंद्यातल्या कोणालाही विचारावे.

एक काम मात्र कोणत्याही यंत्राने न घेता गेले, ते मुद्रितशोधकाचे. खिळ्यांच्या काळात प्रूफ वाचणे सक्तीचे होते, कारण पहिले प्रूफ चुकांनी भरलेले असे आणि दिसायलाही ओबडधोबड असे. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची, दुसरा प्रुफावर खुणा करी. लेझर प्रिंटरमधून आलेले पहिलेच पान इतके स्वच्छ दिसू लागले की ते वाचण्याची गरज आहे असे कोणाला वाटेना. लेखक फाइल स्वतःच टाइप करून देऊ लागला, म्हणजे कंपोझिंग ग्राहकाकडे सरकले, आणि चुकांची जबाबदारीही नकळत त्याच्याकडे सरकली. आज छापील मराठीत ज्या चुका दिसतात त्यांचे खापर शाळांवर फोडले जाते; मी त्यातला मोठा वाटा या रिकाम्या झालेल्या खुर्चीला देतो.

प्रश्नाच्या शेवटच्या भागाकडे येतो. मजकूर लिहिणारी, भाषांतर करणारी, पान लावून देणारी संगणकीय साधने आली आहेत आणि डीटीपीतल्या तरुणाला धास्ती वाटणे साहजिक आहे. मला यात तीन ओळखीच्या गोष्टी दिसतात. नवशिक्याची कामे, म्हणजे साधा मजकूर ओढणे, जुन्या फाँटमधली फाइल युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत आणणे, पहिला कच्चा आराखडा करणे, ही आधी जातील. खिळे सोडणाऱ्या मुलाचे झाले तसे. तेव्हा वरची कामे शिकण्याचा रस्ता कोणता, हे छापखान्यांनी आणि शिकवणाऱ्या संस्थांनी आत्ताच ठरवले पाहिजे, नाहीतर दहा वर्षांनी जाणकार माणूस शोधून मिळणार नाही. या साधनांचा मजकूर पहिल्या झटक्यात नीटनेटका दिसतो, म्हणजे लेझर प्रिंटच्या वेळी जी फसगत झाली तीच पुन्हा होण्याचा धोका आहे, आणि या वेळी चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या नसून नावांच्या, सनांच्या आणि अर्थाच्या असतील. तिसरी गोष्ट म्हणजे मराठी पुन्हा काही काळ मागे राहील, इंग्रजीइतकी सफाई यायला वेळ लागेल, आणि त्या विलंबाला लोक पुन्हा कायमचे संरक्षण समजतील.

म्हणून माझा सल्ला व्यवहारापुरता आहे. टाइपिंगच्या वेगावर आता एकही तास खर्च करू नये. प्रूफ वाचायला शिकावे, मूळ संदर्भाशी ताडून पाहायला शिकावे, पान लावण्याचे नियम कारणांसह समजून घ्यावेत, आणि छापखान्यातल्या कामांची पुढची-मागची कडी, म्हणजे प्लेट, कागद, छपाई, बाइंडिंग, यांतली निदान एक तरी हाताला लावून घ्यावी. जुन्या ट्रेडल आणि सिलिंडर मशीन आजही नंबर टाकण्यासाठी, छिद्रे पाडण्यासाठी आणि खोकी कापण्यासाठी चालतात, आणि त्या चालवणारा माणूस शोधावा लागतो. नोकरीत असाल तर नवे साधन आणताना वाचलेल्या वेळाचा मोबदला कसा ठरणार, शिकण्याचे तास कामात धरले जाणार की नाही, हे आधी लेखी घ्यावे. स्वतंत्र काम करत असाल तर पानाचा दर सोडून तपासणीचा दर वेगळा लावायला आजपासून सुरुवात करावी. ग्राहक सुरुवातीला कुरकुरतो, पण चुकीच्या सनासकट छापलेली स्मरणिका एकदा परत घ्यावी लागली की तोच दर मान्य करतो.